पिकांची फेरपालट (गोव्यातले मळे)

एकाच जमिनीत लागोपाठ तेच पीक न घेता वेगळ्या कुळातलं पीक घेणं म्हणजे फेरपालट. मातीत राहून मुळांवर येणारी सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे बारीक जंत), मर रोगाचे जिवाणू, बुरशी हे सगळं आटोक्यात ठेवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय, कारण त्यांना चालणारं मूळच मिळालं नाही की त्यांची संख्या उतरत जाते. अमेरिकेत सोयाबीनवर येणाऱ्या पुटी सूत्रकृमीसाठी (सूत्रकृमीचाच एक प्रकार) मधे मका घेतात ते याचसाठी. गोव्यात सोयाबीन फारसं नाही, इथे खरा प्रश्न वांगी, मिरची, टोमॅटो आणि भेंडीचा.

इथे पावसाळी हंगामाला सरद म्हणतात आणि त्यानंतरच्या हंगामाला वायंगण. सरदीला भात आणि मग त्याच कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) अळसांदे (चवळी), मिरची, वांगी, तांबडी भाजी (लाल माठ) अशी जुनी पद्धत आहे आणि ती नुसती सोय नव्हे, कारण भाताला महिनोन् महिने पाणी साचतं, त्या चिखलात हवा राहत नाही आणि भाजीच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी बरीचशी मरते. भात सोडून बारा महिने भाजीच घेतली की हा फायदा गेलाच. मात्र भातावर येणारी गाठी सूत्रकृमी वेगळी, तिला पाणी चालतं, त्यामुळे सरदीला भात आणि वायंगणालाही भात हे काही फेरपालट नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कुळाचा. वांगी गेली म्हणून पुढच्या वर्षी टोमॅटो, मग मिरची, नाव बदललं पण कूळ तेच, मर रोगाच्या जिवाणूला काय फरक पडतो? राल्स्टोनिया सोलॅनेसिएरम हे त्याचं नाव, आणि बटाटा, आलं, भुईमूग यांनाही तो सोडत नाही. जोमात असलेलं झाड पानं हिरवी असतानाच मान टाकतं. खात्री करायची तर खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा, थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरायला लागली की समजा तोच. अशा जागेत मग निदान दोन-तीन वर्षं भात, मका, नाचणी असं काहीतरी घ्यायला हवं. जुन्या गोव्यात एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने मर रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्यात, त्या जरूर लावाव्यात, पण फेरपालट सोडून नव्हे.

अळसांद्याबद्दलही एक गैरसमज आहे. कडधान्य जमिनीला नत्र देतं हे खरंच, पण भेंडी-वांग्यावरची गाठी सूत्रकृमी अळसांद्यावरही वाढते, म्हणून भेंडीच्या मुळांना गाठी दिसल्या असतील तर त्या कुणग्यात लगेच अळसांदे नकोत. मूळ उपटून बघताना नत्राच्या गाठी आणि रोगाच्या गाठी एक समजू नका, नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने चोळली की सुटते आणि फोडली तर आत गुलाबी, उलट सूत्रकृमीमुळे मूळच फुगतं, ती गाठ सुटत नाही. रोगाच्या गाठी दिसल्या त्या जागी झेंडू घेतला तर चांगलं, त्याच्या मुळांतल्या द्रव्याने ही सूत्रकृमी कमी होते आणि दसरा-दिवाळीला फुलांचे पैसेही येतात.

अडचण आहे ती छोट्या तुकड्यांची. शेजारच्या कुणग्यात मर असेल तर पावसात मेर (बांध) ओलांडून पाणी आपल्याकडे येतं, पॉवर टिलरच्या पात्यांना लागलेली माती येते, म्हणून शेजारच्यांनी मिळून पिकं ठरवली तर उपयोग दुप्पट. मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळायची, बांधावर टाकायची नाहीत, आणि भात-मक्याच्या वर्षांत आपोआप उगवलेली टोमॅटो-मिरचीची रोपं दिसतील तिथे काढायची, नाहीतर जिवाणू त्यांच्यावरच तग धरून राहतो.