परदेशी सुट्टीतील मानसशास्त्रीय थरारकथा

जुन्या मित्रमैत्रिणींचा गट उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जातो, तिथे काहीतरी विपरीत घडते आणि संशय गटातल्याच माणसांवर येतो, अशा कथानकाचा थरारकथेचा उपप्रकार. गुन्हा कोणी केला, हे कोडे यातही असतेच. त्याहून मोठी धास्ती असते ती वीस वर्षांच्या ओळखीचे माणूस नेमके कोण आहे याची, आणि आपल्याला आठवते ते खरोखर तसेच घडले होते का याची.

मराठी वाचकाला रहस्यकथा नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मात्र त्यांचा झुंजार किंवा धनंजय गुंता सोडवायला बाहेरून येतो. या प्रकारात बाहेरून येणारे कोणी नसते, गटालाच गटाचा छडा लावावा लागतो. त्यामुळे रत्नाकर मतकरींच्या गूढकथांशी त्याचे नाते अधिक जवळचे. रचनेच्या दृष्टीने सर्वांत जवळ जाते ते विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक. प्रयोगासाठी परगावी गेलेली मंडळी वेळ काढायला खोटा खटला मांडतात आणि बघता बघता लीला बेणारे खरीखुरी आरोपी होऊन बसते. थरारकथा म्हणून ते कोणी वाचत नाही, परदेशही त्यात नाही. पण परका गाव, रिकामा वेळ, ओळखीची माणसे आणि खेळाच्या आडून निघालेले जुने उट्टे ही सारी सामग्री तिथे आहे. इंग्रजीत पॅट्रिक हॅमिल्टनच्या ‘गॅस लाइट’ (१९३८) या नाटकाने बायकोला स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावणारा नवरा दाखवला, तर पॅट्रिशिया हायस्मिथच्या ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) या कादंबरीने इटलीच्या किनाऱ्यावर एका तरुणाला दुसऱ्याचे आयुष्य बळकावायला पाठवले.

या कथांचा मानसशास्त्रीय पाया सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून चांगला समजतो. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्यांतली सारख्या लांबीची कोणती, एवढाच प्रश्न. उत्तर उघड दिसत असे. खोलीतले बाकीचे सगळे मात्र प्रयोगकर्त्याला सामील असत आणि ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांत खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीमागे गेली. सामील असलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले तरी हे प्रमाण झपाट्याने उतरे. थरारकथेत म्हणूनच वेगळे बोलणारा मित्र आधी एकटा पाडला जातो. ‘अगं, तूच तर म्हणाली होतीस’, ‘तुला त्या रात्री कुठे काय आठवतंय’ अशी साधी वाक्ये चौघांनी चार वेळा म्हटली की पाचवी स्वतःच्या आठवणीला सोडचिठ्ठी देते. अनोळखी माणसांसमोर जे घडते ते शाळेपासूनच्या मैत्रीत किती खोल जाईल, याचा अंदाज करता येतो.

परदेशच का, हे ठाण्याचे उदाहरण घेतले की कळते. नौपाड्यात वाढलेले, आता कोणी घोडबंदर रोडला तर कोणी नेरूळला राहणारे पाच जण समजा. तलावपाळीवर त्यांच्यात भांडण झाले तर चहावाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत दहा साक्षीदार निघतील. ग्रीसच्या एखाद्या बेटावर ते भर चौकात मराठीतून एकमेकांना धमकावू शकतात, आणि बाजूच्या टेबलावर कोणाला पत्ता लागत नाही. युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशानुसार फौजदारी कारवाईत आरोपीला दुभाष्याचा हक्क आहे. अटक झाल्यास आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३चा व्हिएन्ना करार देतो. पण पहिल्या तासाभरात पोलिसांशी बोलतो तो गटातला इंग्रजी फर्डे असलेला, आणि तो सांगेल तीच पहिली हकिकत ठरते. कथानकातली ही जागा कसलेला लेखक सहसा सोडत नाही. पासपोर्ट हरवण्याचेही तसेच. भारतीय वकिलात मायदेशी परतण्यापुरते इमर्जन्सी सर्टिफिकेट देते, पण त्यासाठी पोलिसांत तक्रार करावी लागते, म्हणजे ज्याला पोलीस टाळायचे आहेत तो बेटावरच अडकतो.

धागेदोरेही प्रवासातूनच निघायला हवेत. फोन तिथली वेळ आपोआप घेतो. गळ्यातला कॅमेरा घेत नाही, त्याचे घड्याळ हाताने बदलावे लागते. उन्हाळ्यात ग्रीस भारताच्या अडीच तास मागे असते. फोटोवर रात्रीचे साडेदहा आणि समुद्रावर अजून ऊन, असे दिसले की कॅमेरा ठाण्याच्याच वेळेवर चालू आहे हे उमगते, आणि ‘साडेदहाला मी खोलीत होतो’ हा बचाव त्या फोटोपुरता निकामी होतो.

या प्रकारात दोन खोडी वारंवार आढळतात. स्थानिक लोक केवळ संशयास्पद दिसण्यापुरते येतात. दुसरी खोड अधिक गंभीर: शेवटच्या प्रकरणात अचानक एखादा मानसिक आजार काढून सगळा गुन्हा त्याच्या माथी मारला जातो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. शिवाय मत्सर, उसने पैसे, जुना अपमान अशी धडधाकट माणसांची कारणे हाताशी असताना आजाराचा आधार घेणे हा लेखनातला आळस आहे.

ऋतूचे गणितही जुळावे लागते. बोटी बंद पाडणारा मेल्टेमी हा एजियन समुद्रावरचा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमध्ये ऐन भरात असतो, तर महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत संपते. पाच जणांत एक जरी शिक्षिका असली, किंवा कोणाला शाळेतली मुले असली, तर त्यांचा गट मे महिन्यातच जाणार, आणि बेट जगापासून तोडायला लेखकाला वाऱ्याऐवजी दुसरे काही शोधावे लागणार, जसे की बोटवाल्यांचा संप.