वीस वेळा पाहिलं, तरी हात चालेना

शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्दास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. मूनवॉकचा, म्हणजे पुढे चालल्यासारखं करत मागे सरकण्याच्या नाचाचा, छोटासा व्हिडिओ त्यांनी काहींना एकदाच दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना हे आपल्याला जमेल असं जास्त वाटू लागलं. प्रत्यक्ष पाय सरकवायची वेळ आली, तेव्हा मात्र ते एकदाच पाहिलेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत.

सॉफ्टवेअर शिकवतानाही हेच होतं. स्क्रीन रेकॉर्ड करायची, आवाज द्यायचा, लिंक सगळ्यांना पाठवायची. बघणारा मान डोलावतो. पामिटर आणि एल्कर्टन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हायपरकार्ड हे ॲपलचं जुनं सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांवर हे तपासलं होतं. हलत्या प्रात्यक्षिकावरून शिकलेले पहिल्या दिवशी जलद होते. आठवड्यानंतर मात्र लिखित सूचना वाचून शिकलेले त्यांच्या पुढे गेले. बघून नक्कल करताना डोक्याला फारसं काम पडत नाही, हे त्याचं एक कारण.

याला पर्याय सिम्युलेशनचा, म्हणजे सरावासाठी केलेल्या सॉफ्टवेअरच्या नकलेचा. त्यात शिकणाऱ्याला स्वतः क्लिक करावं लागतं. ते बनवणारं टूल प्रत्येक क्लिकच्या वेळी स्क्रीनचं चित्र टिपतं आणि त्यावर न दिसणारे चौकोन ठेवतं. योग्य चौकोनावर क्लिक झालं की पुढचं चित्र येतं. इथवरचं काम सोपं आहे. खरी मेहनत चुकीच्या क्लिकची आहे.

एक्सेलमध्ये नावं आणि गुण असा तक्ता घ्या. फक्त गुणांचा रकाना निवडून क्रम लावला, तर एक्सेल विचारतं: निवड वाढवू, की आहे तेवढ्यावरच क्रम लावू? व्हिडिओतले सर अर्ध्या सेकंदात बरोबर पर्याय दाबतात, आणि तिथे काही ठरवायचं होतं हेच कुणाच्या लक्षात येत नाही. सिम्युलेशनमध्ये दुसरा पर्याय दाबू द्यावा. गुणांची उलथापालथ होते, नावं जागच्या जागी राहतात, आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतात. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच संदेश देणारं सिम्युलेशन मला फुकट गेलेली संधी वाटते.

अर्थात व्हिडिओ टाकाऊ नाही. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ देतो, मराठीतही. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर खरं सॉफ्टवेअर; थांबवायचं, करून बघायचं, पुढे जायचं. ही पद्धत मला फार आवडते. त्यातली बहुतेक सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे कुणालाही ती उतरवून घेऊन हवी तितकी बिघडवता येतात.

पगारपत्रकाची किंवा रक्तपेढीच्या साठ्याची चालू प्रणाली अशी बिघडवता येत नाही. तिथे मेनू कुठे आहे हे व्हिडिओने दाखवावं, आणि जिथे एका क्लिकने नोंद कायमची बदलते तेवढ्या दोन-तीन स्क्रीनसाठी सिम्युलेशनचा खर्च करावाच.