पांढरे लेदर स्नीकर घेताना: कोणत्या किमतीत काय मिळते

साध्या पांढऱ्या स्नीकरवर रंगीत पट्टे नसतात, जाळी नसते, मोठी अक्षरे नसतात. त्यामुळे पातळ चामडे, वाकडी शिवण किंवा बाहेर आलेला गोंद लपायला जागाच राहत नाही. म्हणून हा बूट पारखायला सोपा आहे, फक्त कुठे बघायचे ते ठाऊक हवे. आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, खरेदीआधी हे पत्रक एकदा वाचा.

चामडे कसे ओळखावे

क्रोम टॅनिंग झालेले, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे निळसर असते. धंद्यात त्याला ‘वेट ब्लू’ म्हणतात. त्यावर रंगाचा थर चढवला की ते शुभ्र दिसते. महागड्या बुटावरही हा थर असतोच. ठेच लागून पांढरा रंग निघाला आणि खाली निळसर-करडे तंतू दिसले, तर घाबरू नका, ते चामडेच आहे. खाली विणलेले कापड दिसले तर मात्र तो रेक्झिनचा भाऊबंद.

प्रश्न दोनच: रंगाचा थर किती जाड आणि त्याखाली काय आहे. फुल ग्रेनमध्ये कातड्याचा वरचा, सर्वांत घट्ट पदर जसाच्या तसा असतो, त्यामुळे पातळ थर पुरतो. करेक्टेड ग्रेनमध्ये डाग आणि ओरखडे घासून काढतात, मग जाड थर देऊन वर छाप मारतात. दिसायला तो अधिक गुळगुळीत असतो, पण बोटे वाकतात तिथे भेगा लवकर पडतात. स्प्लिट म्हणजे कातड्याचा खालचा, सैल तंतूंचा पदर. त्यावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवतात. यातले काहीही ‘जेन्युइन लेदर’ म्हणून विकता येते, म्हणून त्या दोन शब्दांवर जाऊ नका.

दुकानात उभ्या उभ्या करायची तपासणी अशी. पुढच्या भागावर अंगठा दाबा. चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि अंगठा काढल्यावर विरतात. सिंथेटिकमध्ये नुसता खळगा पडतो. मग जिभेची कड आणि लेसच्या भोकांची आतली बाजू बघा. कापलेली कड तंतुमय असेल तर चामडे. पाण्याचा थेंब टाकून बघण्याचा उपाय पांढऱ्या बुटावर चालत नाही, कारण रंगाचा थर पाणी आत जाऊच देत नाही.

बुटावर किंवा डब्यावर तीन छोटी चिन्हे छापलेली असली तर तीही वाचा. पसरलेल्या कातड्याचे चिन्ह म्हणजे चामडे. त्याच कातड्यात पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर वर ०.१५ मिलिमीटरहून जाड थर असलेले चामडे. नुसती चौकट म्हणजे सिंथेटिक, रबर यांसारखे इतर साहित्य, विणीची जाळी म्हणजे कापड. चिन्हे वरचा भाग, अस्तर आणि तळ यांच्यासाठी वेगवेगळी असतात. वर कातडे आणि अस्तराला जाळी, असा मेळ फार वेळा दिसतो.

तळ आणि शिवण

चांगल्या स्नीकरला रबराचा वाटीसारखा तळ असतो. वरचा भाग त्या वाटीत बसवून चिकटवतात आणि कडेने शिवतात. स्वस्त बुटात ही शिवण साच्यातच उठवलेली असते: दिसते, पण धरत काही नाही. खात्री करायला इनसोल, म्हणजे पावलाखालचा आतला थर उचला. आत कडेकडेने दोऱ्याची रांग दिसली तर शिवण खरी. इनसोल पूर्ण चिकटवलेला असेल तर विक्रेत्याला विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

रबराचा तळ जड असतो. आठ नंबरचा एक बूट ४०० ते ५०० ग्रॅम भरला तर ते वजन योग्यच आहे. फारच हलका लागला तर तळ ईव्हीए (एक हलका फोम) किंवा पॉलियुरेथेनचा आहे असे समजा. पॉलियुरेथेन हवेतली आर्द्रता घेऊन हळूहळू तुटत जाते, बूट न वापरता डब्यात ठेवला तरी. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत हा वेग आणखी वाढतो. लग्नात एकदा घातलेला बूट चार वर्षांनी काढला आणि चालता चालता तळाचा भुगा झाला, ही तक्रार याच कारणाची. डब्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो. पॉलियुरेथेन तळाचा माल दोन वर्षांहून जुना असेल तर सवलतीतही घेऊ नका.

किमतीप्रमाणे

आधी कराचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. म्हणजे २,५०० चा बूट बिलात २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. मालात फरक १०० रुपयांचा, खिशाला झळ ४४३ ची. म्हणून बिलात ३,००० ते ३,२०० च्या आसपास पडणारा बूट घेण्यात फारसा अर्थ नाही. एक तर खाली थांबा, नाही तर आणखी थोडे साठवून वर जा.

करासह २,६०० पर्यंत: या पैशात चांगले चामडे बसत नाही. चामड्याच्या नावाखाली मिळते ते बहुधा स्प्लिट, आणि ते साध्या सिंथेटिकपेक्षा लवकर सोलते. सरळ चांगले सिंथेटिक घ्या, पण तळ रबराचा आणि खरोखर शिवलेला बघून. रोज वापरलात तर वर्ष-दीड वर्षात चवड्याच्या घडीवर पापुद्रे सुटतील, ते गृहीत धरा. कॉलेजच्या मुलाला, ज्याचे पाऊल अजून वाढते आहे, हीच खरेदी शहाणपणाची.

३,५०० ते ५,०००: पुढचा भाग करेक्टेड ग्रेनचा, टाच आणि जीभ सिंथेटिकची, अस्तर कापडी. चामडे बरोबर जागी, म्हणजे जिथे बूट वाकतो तिथे असेल तर ही तडजोड चालण्यासारखी आहे. उलटी मांडणी असेल तर ठेवून द्या. टाचेच्या आतले अस्तर बोटाने चोळून बघा. या किमतीत बूट सगळ्यांत आधी तिथेच फाटतो.

६,००० ते १०,०००: इथे सर्वांत जास्त डोळे उघडे ठेवा. नावाजलेल्या ब्रँडचे बूट याच पट्ट्यात येतात आणि पैशाचा मोठा वाटा नावाला जातो. आदिदासचा स्टॅन स्मिथ अनेक दशके चामड्याचा होता. २०२१ पासून त्याची नेहमीची आवृत्ती पुनर्वापर केलेल्या सिंथेटिकची आहे, चामड्याची हवी असेल तर ‘लक्स’सारखी वेगळी आवृत्ती बघावी लागते. त्याच पैशात आग्रा किंवा तमिळनाडूतल्या आंबूरकडचे, निर्यातीचे काम करणारे कारखाने फुल ग्रेन चामडे, आतून चामड्याचे अस्तर आणि शिवलेला तळ देऊ शकतात. नावाचा मोह नसेल तर आमच्या मते पैशाचे खरे मोल या बुटांत आहे.

१२,००० च्या पुढे: चामडे अधिक एकसारखे, टाके बारीक, तळ बहुधा इटलीच्या मार्गोम कंपनीचा. या घराण्याचा मानदंड म्हणजे २००४ मध्ये आलेला कॉमन प्रोजेक्ट्सचा अकिलीस. टाचेजवळ सोनेरी आकडे आणि बाकी काहीच नाही. त्याची नीटस रेषा खरोखर सुंदर आहे. पण १० हजारांच्या चांगल्या बुटापेक्षा तो तिप्पट टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. वाढीव पैसे देखणेपणाचे आहेत.

माप

पाऊल संध्याकाळी मोजा, दिवसभरात ते थोडे फुगते. कागद जमिनीवर भिंतीला लागून ठेवा, टाच भिंतीला टेकवून पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. दोन्ही पावले मोजा आणि मोठे माप धरा. नंबरापेक्षा सेंटिमीटर महत्त्वाचे: यूके ८ म्हणजे आदिदासमध्ये २६.५ सेंटिमीटर आणि युरोपीय ४२, तर नायकीमध्ये २७ आणि ४२.५.

बोटापुढे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा हवी. लेस बांधल्यावर भोकांच्या दोन रांगा जवळपास समांतर दिसाव्यात. त्या एकमेकींना भिडल्या तर बूट तुमच्या पावलाला रुंद आहे; वर जवळ आणि खाली फाकलेल्या असतील तर चवडा आवळला जातोय. चामडे रुंदीला थोडे सैलावते, लांबीला अजिबात नाही. त्यामुळे ‘वापरून सैल होईल’ हे बोटे टोचत असतील तर ऐकू नका.

घरी गेल्यावर

पांढरा बूट पिवळा पडतो तो बहुतेक वेळा धुण्यामुळेच. साबण नीट निघाला नाही की वाळताना तो पाण्याबरोबर कडांना आणि टाक्यांकडे ओढला जातो, तिथे साठतो आणि उन्हात पिवळा होतो. म्हणून लेस आणि इनसोल वेगळे काढा, वाटीभर पाण्यात दोन-तीन थेंब सौम्य शाम्पू घाला, मऊ ब्रशने फेसानेच पुसा आणि स्वच्छ ओल्या फडक्याने तीनदा पुसून घ्या. वर साधा पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून पंख्याखाली वाळवा. उरलेला साबण कागद शोषून घेतो. वॉशिंग मशीन आणि ब्लीच नको. मेलामाइन स्पंज (डाग घासून काढणारा पांढरा फोम) आणि टूथपेस्ट फक्त रबराला लावा, चामड्यावर त्यांनी रंगाचा थर खरवडला जातो.

शाळेच्या कॅनव्हास बुटांचे पांढरे पॉलिश इथे लावू नका. ते चामड्यावर खडूसारखे बसते, पहिल्याच घडीला तडकते आणि पँटच्या काठाला लागते. ओरखडा असेल तर लेदरसाठीचा ॲक्रिलिक रंग घ्या आणि अगदी पातळ दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा.

नवी गडद जीन्स पहिल्या दोन-तीन धुण्यांआधी या बुटांवर घालू नका. तिचा निळा रंग बुटाच्या घोट्याजवळच्या कडेवर उतरतो आणि दोन दिवस राहिला तर निघत नाही.

पावसात बूट भिजलाच तर आत साधा कोरा कागद भरा आणि दर दोन तासांनी बदला. वर्तमानपत्र नको, शाई पांढऱ्या अस्तराला लागते. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही टाळा, चामडे कडक होते आणि गोंद सुटतो. पूर्ण वाळल्यावर रंगहीन लेदर क्रीम वाटाण्याएवढे घेऊन चोळा. पावसाळ्यात बूट डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवला की बुरशी धरते. मोकळ्या फळीवर ठेवा. एरवीही लागोपाठ दोन दिवस तीच जोडी नको, आतला घाम सुकायला एक दिवस लागतो.

दुरुस्ती

टाचेचे अस्तर फाटायला लागले की लगेच आणा. चामड्याचा तुकडा आतून लावता येतो. भोक टाचेतल्या पुठ्ठ्यापर्यंत गेले की काम वाढते. तळ कडेने सुटला तर झटपट चिकटणारा गोंद घरी घालू नका. तो वाळून काचेसारखा कडक होतो, चालताना तुटतो आणि त्याचा थर घासून काढल्याशिवाय नवा गोंद धरत नाही. दुरुस्तीला बूट पूर्ण कोरडे करून आणा, ओल्या रबरावर कोणताच गोंद बसत नाही.