गाजर, काठी आणि मधले गाढव : एका वाक्प्रचाराची पार्श्वभूमी

एखाद्या योजनेची नुसती घोषणा होऊन हाती काहीच पडले नाही, की ‘लोकांना गाजर दाखवले’ असे आपण सहज म्हणतो. मराठीला गाजर नवे नव्हते. ‘गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली’ या म्हणीत ते पूर्वीपासून आहे; मात्र तिथे गाजर शेवटी पोटात जाते. दाखवायचे आणि द्यायचे नाही असे गाजर ‘कॅरट अँड स्टिक’ (गाजर आणि काठी) या इंग्रजी वाक्प्रचारातील चित्राशी जुळते.

या वाक्प्रचारामागे एक नव्हे, तर दोन चित्रे आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की अर्थही बदलतो. पहिल्या चित्रात गाडीवान काठीच्या टोकाला गाजर बांधून ते गाढवाच्या तोंडापुढे लोंबते ठेवतो. गाढव एक पाऊल पुढे टाकते तसे गाजरही एक पाऊल पुढे सरकते. इथे काठी मारण्यासाठी नसून केवळ गाजर टांगण्यासाठी आहे आणि सारा भर फसव्या आशेवर आहे. दुसऱ्या चित्रात गाजर पुढे आणि काठी मागे असते : चाललास तर खाऊ, अडलास तर मार. गाढवापुढे गाजर धरण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकापासून आढळते. परंतु आज राजकारणात आणि व्यवस्थापनात जो अर्थ रूढ आहे, तो दुसऱ्या चित्राचा आहे. जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर जुलै १९३८ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी त्या देशाला नाझींची गाडी चढावर ओढणाऱ्या रोडावलेल्या गाढवाची उपमा दिली, तेव्हा काठी आणि गाजर ही दोन्ही साधने त्यांनी एकत्र उल्लेखिली. पुढे मे १९४३ मध्ये वॉशिंग्टन येथील पत्रकार परिषदेत इटलीविषयी बोलताना त्यांनी गाढवाच्या दोन्ही टोकांना गाजर आणि काठी लावण्याची भाषा केली. मराठीने मात्र ‘गाजर दाखवणे’ यात पहिल्या चित्राचा, म्हणजे हुलकावणीचा अर्थ जपला आहे. त्यामुळे इंग्रजी बातमीतील ‘कॅरट’ म्हणजे खरोखर देऊ केलेली सवलत असताना मराठी भाषांतरात तिला नुसते ‘गाजर’ म्हटले, तर मूळ विधानावर अन्याय होतो.

या वाक्प्रचारासाठी ‘साम-दाम-दंड-भेद’ हा तयार प्रतिशब्द वापरण्याची सवय मला अधिक खटकते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात साम (गोडीने समजावणे), दान (काही देणे), भेद (फूट पाडणे) आणि दंड (बळाचा वापर) असा क्रम असून त्यात साम एकगुणी, दान द्विगुणी, भेद त्रिगुणी आणि दंड चतुर्गुणी सांगितला आहे. कारण प्रत्येक पुढच्या उपायाच्या आधी मागचे सर्व उपाय येतात. म्हणजे दंडापाशी पोहोचण्यापूर्वी बोलणे झालेले असले पाहिजे. इंग्रजी वाक्प्रचारात बोलण्याला जागाच नाही, कारण गाढवाशी कोणी बोलत नाही. ज्याचे मन वळवायचे आहे त्याच्यासमोर हा वाक्प्रचार उच्चारू नये, तोही याच कारणाने.

सोलापुरात ‘काठी’ या शब्दाला आणखी वेगळा नाद आहे. संक्रांतीच्या दिवसांत ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत निघणाऱ्या नंदीध्वजांना इथे काठ्याच म्हणतात, आणि सजवलेली ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत नेणाऱ्या भक्ताच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसतात. सिद्धेश्वरांशी विवाह करण्याचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास सांगितले, अशी कथा आहे. त्या विवाहाचा अक्षता सोहळा संमती कट्ट्यावर संमतीचे वाचन करूनच होतो. त्याच दिवसांत भोगीच्या भाजीत गाजराच्या फोडी सोलाणे, वांगी आणि घेवड्याबरोबर शिजतात आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीशी खाल्ल्या जातात. गाजर ताटात आणि काठी खांद्याकमरेवर मिरवणाऱ्या या गावात इंग्रजी जोडी शब्दशः ठेवली, तर वाचकाला ती समजावून सांगावी लागते.

मराठीत मन वळवण्याच्या छटा बारीक आहेत. ‘समजूत घालणे’ यात समोरच्याच्या बुद्धीवर विश्वास असतो, ‘मनधरणी’त आर्जव असते, ‘चुचकारणे’ यात तो लहान ठरतो, तर ‘गळी उतरवणे’ यात थोडी जबरदस्ती असते. कर मुदतीत भरल्यास सूट आणि उशीर झाल्यास दंड अशा व्यवस्थेला यांपैकी एकही शब्द लागू पडत नाही. तिथे ‘सवलत आणि दंड’ असे सरळ लिहावे, आणि देशादेशांतील दबावाविषयी लिहिताना ‘आमिष आणि धाक’ ही जोडी वापरावी.