खरा स्टार कोणता?

हार्डवेअरच्या दुकानात ‘स्टार स्क्रू ड्रायव्हर द्या’ म्हटलं की दुकानदार फुलीच्या टोकाचा पुढे करतो. आपल्याकडे फुलीलाच स्टार म्हणायची रीत. जुनी हार्ड डिस्क उघडायला मी तोच घेऊन बसलो आणि टोक काही बसेना. झाकणावरच्या स्क्रूत सहा पाकळ्यांची चांदणी होती. खरा स्टार तो. त्याचं नाव टॉर्क्स.

फुलीचा स्क्रू रुळवला अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी. पेटंट १९३६ चं. चपट्या खाचेतून टोक बाजूला सटकतं, फुलीत ते आपसूक मधोमध बसतं, त्यामुळे मोटारींच्या कारखान्यांना ती फार सोयीची पडली. पण तिच्या भिंती तळाकडे निमुळत्या होत जातात. पिळताना लावलेल्या जोराचा काही भाग या उतारावरून टोकाला वर ढकलतो. म्हणून तर आपण अंगाचा भार देऊन खाली दाबत असतो. दाब जरा कमी पडला की टोक उसळतं, कडा खरवडतं, आणि स्क्रूचं डोकं ‘गोल’ होतं.

जोर किती असतो बघा. मूठ ३ सेंटिमीटर जाडीची, टोक २ मिलिमीटरचं. मुठीच्या कडेवर ३ किलोचा जोर दिला तर टोकाच्या कडेवर तो १५ पट, म्हणजे ४५ किलोचा होतो. १९६७ मध्ये कॅमकार टेक्स्ट्रॉन कंपनीने आणलेल्या टॉर्क्समध्ये हा भार सहा पाकळ्यांत वाटला जातो. शिवाय भिंती उभ्या असल्यामुळे टोक वर उसळत नाही.

अडचण मापांची. टी-७ साधारण २ मिलिमीटरचं, टी-८ २.३ चं. टी-८ च्या खाचेत टी-७ खुशाल शिरतं, थोडं फिरतंही, आणि मग पाकळ्या झिजवून ठेवतं. म्हणून मोठ्या मापापासून सुरुवात करावी. जे सगळ्यात मोठं टोक तळापर्यंत जाईल ते आपलं. खाचेच्या मधोमध बारीक खुंटी दिसली तर टोकाला भोक असलेला ड्रायव्हर लागतो. आयफोनच्या तळाशी तर पाकळ्या पाचच असतात. सहाचं टोक तिथे नीट बसणारच नाही. लोकांनी उघडू नये यासाठीच ही सोय, असं माझं मत.

फुलीतही पोटजाती आहेत. डोक्यावर चार खाचांच्या मधून तिरप्या बारीक रेघा असतील तर तो पोझिड्रिव्ह. जपानी यंत्रांत पुष्कळदा डोक्यावर एक ठिपका असतो. तो जपानी मानकाचा, त्यात फिलिप्सचं टोक पूर्ण खोल जात नाही.

दुकानात स्क्रूच दाखवावा म्हटलं, तर तो निघत नाही म्हणूनच आपण दुकानात आलेलो असतो. शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर जवळून फोटो काढला की भागतं. फोटो काढण्याआधी खाचेतली धूळ टाचणीने काढायची. मला पहिल्यांदा पाचच पाकळ्या दिसल्या होत्या.