काचेची नळी आणि २० मिनिटं

शहापूर-मुरबाडकडे पाऊस लागला, आवणी सुरू झाली की प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘पान लागलेले’, म्हणजे साप चावलेले पेशंट येऊ लागतात. ठाणे जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे घोडबंदरचे टॉवर येतात. पण याच जिल्ह्यात असे पाडे आहेत, जिथून माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. समोर डॉक्टर असतो तो बऱ्याचदा वर्षभराच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेला नवाकोरा एमबीबीएस.

विष चढलंय की नाही, हे त्याने ठरवायचं कसं? घोणस आणि फुरसं या सापांचं विष रक्त गोठवणारी प्रथिनं संपवून टाकतं. ते ओळखायला लॅब लागत नाही. शिरेतून २ मिली रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचं आणि २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग तिरकी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर प्रतिविष सुरू. नळी काचेचीच हवी, कारण काचेला लागूनच गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकमध्ये धडधाकट माणसाचं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही. साबणाने धुतलेली काचही तशीच फसवते. हल्ली जिकडेतिकडे प्लास्टिक, त्यामुळे चार काचेच्या नळ्या आठवणीने बाजूला ठेवणारी सिस्टर म्हणजे सोनं.

मण्यार मात्र या परीक्षेत सापडत नाही. तो रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. फारसं दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या मिटू लागतात. ‘डोळेच उघडत नाहीत’ एवढं कानावर आलं, की आशाताईने तिथूनच १०८ला फोन लावायचा. हे विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं आणि ती पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात. तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. वाटेत अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबायला शिकलेला माणूस हवा, तो याचसाठी.

प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनतं; नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच. सुरुवातीला साधारण १० व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या). मुलांनाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. नव्या डॉक्टरला भीती असते ती प्रतिविषाच्या रिअॅक्शनची, म्हणजे तीव्र अॅलर्जीची. खरंतर मांडीत ०.५ मिलीग्रॅम अॅड्रेनालिन (मुलांना वजनाप्रमाणे कमी) हा त्यावरचा पहिला उपाय, आणि तो केंद्रातच होतो. पण हाताला सराव नसला की ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी लिहिली जाते आणि ठाण्याला पोचेपर्यंतचा वेळ विषाला मिळतो. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं गेल्याचा अंदाज आहे. माझ्या मते प्रशिक्षणाचा जास्तीत जास्त वेळ या एका भीतीवर घालवावा.

प्रतिविष दिल्यावर नळीची परीक्षा पुन्हा करायची, पण सहा तासांनी. लिव्हरला नवी प्रथिनं बनवायला तेवढा वेळ लागतो. तासाभरात रक्त गोठत नाही म्हणून आणखी व्हायल ओतणं वाया जातं. त्यामुळे पेशंट पुढे पाठवताना चिठ्ठीवर प्रतिविष किती वाजता दिलं ते लिहायचं. पुढच्या डॉक्टरला तिथूनच तास मोजायचे असतात.