दमा आणि फार्मर्स लंग: आधी घड्याळ बघा

कोठ्यात (गुरांच्या गोठ्यात) काम करणारा माणूस खोकला की आपल्याकडे सगळ्यांचं निदान ठरलेलं, "दमा आहे, धुळीची ॲलर्जी आहे, गोळी घे." नागपूरच्या आसपास कळमेश्वर, काटोल, हिंगणा कुठंही जा, हेच बोलून राहिले लोक. मला याचा आता खरंच वैताग आलाय, कारण फार्मर्स लंग हा चाऱ्याच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा वेगळाच आजार दमा समजला जातो आणि या घोळात चांगल्या कष्टाळू माणसांची फुफ्फुसं कायमची खराब होतात.

दमा तुम्हाला माहीतच आहे. श्वासनळ्या आवळतात, छातीत शिट्टी वाजते, पंप घेतला की मोकळं वाटतं. बस.

फार्मर्स लंगमध्ये भानगड नळ्यांच्याही पुढे असते. ओल्या चाऱ्यात वाढलेल्या बुरशीचे आणि जिवाणूंचे कण इतके बारीक असतात (काही तर जेमतेम एक मायक्रॉनचे) की ते थेट फुफ्फुसाच्या टोकाला, हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात आणि ज्याच्या शरीराला ते सोसत नाहीत त्याच्या तिथे सूज येते. सगळ्यांना होत नाही, म्हणून तर लोक म्हणतात "मला नाही झालं, तुलाच कसं होते?"

आता खरी मेख. दम्याचा त्रास धूळ उडाली की काही मिनिटांत, तिथल्या तिथे सुरू होतो. फार्मर्स लंगचा ४ ते ८ तासांनी. आमच्या काकाजींनी संध्याकाळी पाचला म्हशींना कुटार (मळणीनंतरचा भुसा) टाकलं, हातपाय धुतले, जेवले, सगळं ठीक, आणि रात्री अकराला हुडहुडी भरून ताप, अंग ठणकते, कोरडा खोकला, दम लागते. एकदोन दिवसांत ताप उतरायचा, मग परत कुटार, परत ताप. तीन हिवाळे "व्हायरल" म्हणून गोळ्या खाल्ल्या. त्यांचं म्हणणं एकच, "धूळ लागायची असती तर कोठ्यातच लागली असती ना!" याच वाक्यात सगळे फसतात. दम्यातही कधी कधी काही तासांनी दुसरी उबळ येते, पण तिच्यात थंडी-ताप नसतो.

आणि हिवाळाच का? सोयाबीन काढायच्या वेळी परतीचा पाऊस येते, कुटार भिजते, लोक ते तसंच ढीग मारून ताडपत्रीखाली दाबतात. आठ दिवसांनी त्या ढिगाच्या पोटात हात घालून बघा, चटका बसेल इतकं गरम लागते, आणि हे जंतू अशाच ४०-६० अंशांत जोमानं वाढतात. टोपलं भरायला ढीग फोडला की पांढुरकी वाफेसारखी धूळ उठते, कुबट वासाची, तीच घातक. मे महिन्यातलं कडक वाळलेलं कुटार डोळ्यांत जास्त जाते, पण या आजारासाठी ते तेवढं वाईट नाही.

एकाच दिवशी बेसुमार धूळ खाऊन सोबतच्या चार-पाच जणांना एकदमच ताप आला, दोन-तीन दिवसांत सगळे बरे झाले, तर ते तिसरंच प्रकरण, त्याला आधीची ॲलर्जी लागत नाही. एकालाच पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र थांबू नका. काहींना ताप येतच नाही, रोज थोडी थोडी धूळ जाऊन नुसता दम वाढतो, वजन उतरते, मग टीबीची शंका घेतात. तोवर फुफ्फुसात जून व्रण पडतात आणि ते परत जात नाहीत.

डॉक्टरला "धूळ लागते" एवढंच सांगू नका, चारा कधी हाताळला आणि ताप किती तासांनी आला ते सांगा. साधा एक्स-रे सुरुवातीला साफ दिसू शकते, सीटी स्कॅन लागू शकते. औषधानं सूज उतरते, पण त्याच धुळीत परत गेलात तर सगळं पहिल्यापासून.

आणि तोंडाला दुपट्टा बांधणं बंद करा बापा! इतके बारीक कण त्यातून सरळ जातात. एन-९५ लावा. कुटार उन्हात खडखडीत वाळवूनच भरा, पाणी शिंपडायचं तर आत्ता टाकायच्या टोपल्यापुरतंच. ज्याला हा आजार निघाला त्यानं मास्क लावूनही ढिगाला हात लावू नये, हे माझं ठाम मत.

काकाजींच्या कोठ्यात कुटार आता पोरगा काढतो, काकाजी फक्त दूध वाटपाचं बघतात. या हिवाळ्यात एकदाही ताप नाही आला. जिना चढताना मात्र अजूनही मधल्या पायरीवर थांबतात.